अब्बांना न पटलेला घोडा

मागच्या वर्षी रमजानमधली एक रात्र. पुतण्या सहरीपर्यंत जागं राहायचं म्हणून हॉलमध्ये प्लेस्टेशन लावून बसला होता. मी माहेरी गेले होते आणि स्वयंपाकघरात पहाटेची तयारी करून ठेवत होते. शेजारच्या खोलीत अब्बा पडले होते. त्यांचं वय आता ८१. एका डोळ्यानं अजिबात दिसत नाही, दुसऱ्यानं माणसाचा आकार कळतो, चेहरा कळत नाही. टीव्ही त्यांनी केव्हाच सोडला. कान मात्र शाबूत आहेत, घरातल्यांना नको वाटतील इतके शाबूत.

हॉलमधून टापांचा आवाज यायला लागला. पाच-सात मिनिटांनी अब्बांनी हाक मारली, "अरे, घोडा कौन सा है?"

"टेनेसी वॉकर, दादा. अमेरिका का."

"वॉकर मतलब?"

"चलने वाला."

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चलने वाला कहाँ, ये तो दुलकी मार रहा है."

पुतण्या खो खो हसला. त्याला वाटलं, दादांना गेममधला घोडा खरा वाटतोय. मला तसं वाटलं नाही. अब्बांना टीव्हीचा आवाज आणि रस्त्याचा आवाज यांतला फरक चांगला कळतो. ते घोड्याबद्दल बोलत होते आणि काहीतरी बरोबर बोलत होते, एवढं मला समजलं. नेमकं काय, ते समजायला पुढचे काही महिने गेले. त्या काळात मी चाळिशी ओलांडलेली, शाळेत गणित शिकवणारी बाई, पुतण्याच्या शेजारी बसून 'रेड डेड रिडेम्प्शन २' बघत होते आणि घोड्यांचे पाय मोजत होते. घरच्यांनी माझी जी थट्टा केली ती इथे लिहीत नाही.

आधी अब्बांबद्दल. आमच्या खानदेशातल्या तालुक्याच्या गावी स्टेशन ते बाजारपेठ टांगे चालायचे, तेव्हा अब्बांचा टांगा होता. रिक्षा आल्या आणि टांगे बंद पडले. बाकीच्यांनी रिक्षा घेतल्या. अब्बा १९८६ साली सारंगखेड्याच्या यात्रेत गेले आणि एक घोडी घेऊन आले. कुम्मेत रंगाची, तीन वर्षांची, कान आत वळलेले, टोकं एकमेकांना लागतील अशी. काठियावाडी रक्ताची. आता टांगा उरला नव्हता, मग घोडी कशाला, असं अम्मीनं विचारलं. अब्बा म्हणाले, वरातीला देऊ. खरं कारण वेगळं होतं. तिची चाल रेवाल होती. अब्बांनी तिचं नाव रेशम ठेवलं.

रेवाल म्हणजे काय हे आजच्या वाचकाला सांगावं लागेल. घोडा साधा चालतो तेव्हा चारही पाय वेगवेगळे पडतात. चार टापा, सावकाश. त्याला जरा हाकललं की तो दुडकीवर येतो. आमच्या घरच्या बोलीत तीच दुलकी. दुडकीत समोरासमोरच्या कोपऱ्यातले दोन पाय एकदम पडतात, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट. दोनच टापा. आणि त्या दोन टापांच्या मध्ये एक क्षण असा येतो की घोड्याचा एकही पाय जमिनीवर नसतो. घोडा हवेत जातो आणि खाली येतो, आणि त्याच्या पाठीवरचा माणूसही. दुडकीवर कोस-दोन कोस गेलेल्या माणसाला कंबर कुठे असते ते कळतं. त्याच्यापुढे तीन टापांची धाव. मराठीतलं 'टबडक टबडक' तिचंच. त्या शब्दात बरोबर तीन ठोके आहेत, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला वर्गात उत्तर जुळल्यासारखा आनंद झाला. शेवटी भरधाव.

हे सगळ्या घोड्यांना येतं. काही घोड्यांना मात्र दुडकीच्या जागी आणखी एक चाल जन्मतः येते. वेग दुडकीचा, पण पाय चालण्यासारखे सुटे सुटे पडतात. चार टापा, भराभर. घोडा कधीच पूर्ण हवेत जात नाही, एखादा तरी पाय जमिनीवर असतोच. त्यामुळे वर बसलेला माणूस हलत नाही. आपल्याकडे मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांत ही चाल दिसते. तिला रेवाल म्हणतात. एका बाजूचे दोन पाय पाठोपाठ पडतात, पण एकदम नाही.

मी बारा वर्षांची होईपर्यंत अब्बा मला रेशमवर पुढे बसवून नदीपर्यंत न्यायचे. झाडं मागे पळत असायची आणि मी जागच्या जागी. स्टीलच्या तांब्यात पाणी भरून माझ्या हातात द्यायचे. सांडलं तर दोष माझा, घोडीचा नाही, अशी अट होती. बारा पूर्ण झाल्यावर ते बंद झालं. का, ते आमच्या घरांतल्या बायकांना सांगायला नको.

आता गेम. 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा २०१८ साली आलेला रॉकस्टारचा गेम. काळ १८९९ चा, अमेरिकेतल्या काल्पनिक राज्यांत घडतो. नायक एका दरोडेखोर टोळीतला. मला त्या गोष्टीत रस नव्हता, घोडे मात्र थक्क करणारे आहेत, हे कबूल केलं पाहिजे. घोड्याच्या अंगावर चिखल बसतो, तो वाळतो, खरारा करावा लागतो. उपाशी ठेवलं तर घोडा खंगतो. तो बुजतो, त्याला थोपटावं लागतं, हळूहळू तो धन्याला ओळखायला लागतो. घोडा मेला की मेला, परत मिळत नाही. लीदसुद्धा टाकतो. हे पुतण्यानं सांगितल्यावर अब्बा फार खूश झाले. "सफाई कौन करता है?" असं त्यांनी विचारलं.

आणि जाती! त्या गेमच्या घोड्यांच्या यादीत टेनेसी वॉकर आहे, मिसूरी फॉक्स ट्रॉटर आहे, केंटकी सॅडलर आहे, अमेरिकन स्टँडर्डब्रेड आहे. यातल्या पहिल्या तिन्ही जाती त्यांच्या खास चालीसाठीच तयार झालेल्या आहेत. टेनेसी वॉकरची 'रनिंग वॉक' म्हणजे पळतं चालणं. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाला ओलांडून पुढे पडतो आणि प्रत्येक पावलाबरोबर घोडा मान हलवतो, होकार दिल्यासारखी. फॉक्स ट्रॉटरची चाल दुडकीच्या जवळची, पण कोपऱ्यातले दोन पाय एकदम पडत नाहीत. पुढचा आधी टेकतो, मागचा किंचित नंतर. त्या 'किंचित'मुळे धक्का मरतो. केंटकी सॅडलर हे अमेरिकन सॅडलब्रेडचं जुनं नाव. त्यातल्या काही घोड्यांना चालणं, दुडकी आणि टबडक यांच्या जोडीला आणखी दोन चाली येतात. स्टँडर्डब्रेड हा शर्यतीच्या गाडीचा घोडा. त्यातल्या काहींची धाव 'पेस'ची, म्हणजे डाव्या बाजूचे दोन्ही पाय एकदम, मग उजव्या बाजूचे दोन्ही.

चार नावं, चार वेगळ्या चाली. गेममध्ये हे चौघेही एकसारखे चालतात. चालणं, दुडकी, टबडक, भरधाव. मी पुतण्याला थांबवून थांबवून पाहिलं. टेनेसी वॉकर मान हलवत नाही. जरा वेग वाढवला की त्याचे कोपऱ्यातले पाय जोडीनं पडतात, दोन टापा, तो हवेत जातो आणि खाली येतो. खेळाच्या अगदी सुरुवातीला, बर्फातल्या डोंगरात, नायकाच्या बुडाखाली असतो तो हाच घोडा. लाखो लोकांनी टेनेसी वॉकर पहिल्यांदा पाहिला तो बहुधा इथेच, आणि तो दुडकीवर होता. अब्बांनी भिंतीपलीकडून न बघता ओळखलं होतं.

असं का होतं, हे समजणं अवघड नाही. अशा गेममध्ये घोड्याचा सांगाडा एक असतो आणि त्याच्या हालचालींचा संच एक असतो. त्यावर वेगवेगळी कातडी चढवली की जात बदलते. एखाद्या जातीला वेगळी चाल द्यायची म्हणजे नुसते पाय वेगळे हलवून भागत नाही. चालण्यातून त्या चालीत येणं, तिच्यातून भरधाव जाणं, वळण, चढण, उतार, खडकाळ जमीन, पाण्यातून जाणं, वर बसलेल्या माणसाच्या शरीराची हालचाल, टापांचा आवाज, सगळं पुन्हा करावं लागतं. एवढं करून किती खेळणाऱ्यांच्या लक्षात येणार? तसं पाहिलं तर मायब्रिजनं १८७८ साली कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याचे ओळीनं फोटो काढून दाखवले, तोपर्यंत घोड्याचे चारही पाय एका वेळी हवेत असतात की नाही यावरच लोक वाद घालत होते. घोड्याचे पाय माणसाच्या डोळ्याला पकडता येत नाहीत. चूक पकडली जाणार नाही याची खात्री असेल, तर खर्च कोण करणार? यात मला तक्रारीला जागा दिसत नाही. मीही वहीत बारीक अक्षरातली चूक कधीमधी सोडून देते.

पण दुसरं एक कारण आहे आणि ते मला जास्त खरं वाटतं. गेममध्ये त्या चालीची गरजच नाही.

विचार करा, माणसानं या जाती का जोपासल्या. मिसूरीच्या ओझार्क डोंगरात वस्ती करणाऱ्या लोकांना खडबडीत वाटांवरून दिवसदिवस प्रवास करायचा होता. गावोगाव फिरणारा डॉक्टर, शेरीफ, कर गोळा करणारा माणूस, यांना असा घोडा हवा होता की संध्याकाळी उतरल्यावर सरळ उभं राहता येईल. टेनेसीतल्या मळ्यांवर देखरेख करणाऱ्यांना तेच हवं होतं. आता मळे म्हटलं की गुलामी आली. वरच्याची कंबर दुखू नये म्हणून घोडा निघाला, खाली राबणाऱ्यांचं काय दुखत होतं त्याची कुणी नोंद ठेवली नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. पण कारण शरीराचं होतं. दुडकीचा धक्का हा प्रश्न, आणि ही चाल त्याचं उत्तर.

सोफ्यावर बसलेल्या माझ्या पुतण्याला हा प्रश्न पडतच नाही. घोडा पडद्यावर हवेत जातो, खाली येतो, याच्या कंबरेला काही कळत नाही. सोफ्याइतकी चांगली रेवाल चाल जगात कुठल्या घोड्याला नसेल. मग गेम बनवणारे काय करतात? फॉक्स ट्रॉटर चांगला घोडा आहे हे त्यांना माहीत आहे, ते कसं दाखवायचं? ते त्याला वेग देतात. गेममध्ये मिसूरी फॉक्स ट्रॉटर सगळ्यात वेगवान घोड्यांपैकी आहे, किंमत ९५० डॉलर, आणि पुतण्यानं त्यासाठी किती दरोडे घातले ते त्यानं अभिमानानं सांगितलं. खरा फॉक्स ट्रॉटर शर्यतीचा घोडा नाहीच. त्याचं मोठेपण दिवसभर दमवत नाही यात आहे. पण 'दमवत नाही' हा गुण आकड्यात बसवला तर तो फक्त घोड्याच्या दमाचा आकडा होतो. माणसाच्या दमण्याला तिथे रकाना नाही.

हे मी पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "फुफी, मग कंट्रोलरनं जोरात हादरायला हवं दुडकीत, आणि वॉकरवर बसलं की शांत व्हायला हवं." मुलगा तोंडाळ आहे पण डोकं आहे. कंट्रोलरमध्ये थरथर असतेच. तेवढं केलं तरी खेळणाऱ्याच्या तळहातांना जात कळली असती.

नावांची आणखी एक गंमत आहे. १८९९ साली यातल्या दोन जाती या नावानं कुठल्याही वहीत नोंदलेल्या नव्हत्या. टेनेसी वॉकिंग हॉर्सची संघटना १९३५ ची, मिसूरी फॉक्स ट्रॉटरची १९४८ ची. घोडे होते, त्यांची चाल होती, लोक चालीवरूनच त्यांना ओळखत होते. टेनेसी वॉकरचा मूळपुरुष मानला जातो तो ब्लॅक ॲलन १८८६ साली जन्मला, म्हणजे गेमच्या काळात तेरा वर्षांचा असणार. त्याची कथा मला फार आवडली. त्याला दुडकीच्या शर्यतीसाठी पैदा केलं होतं, पण पठ्ठ्या दुडकीवर यायलाच तयार नाही, दोन्ही पाय एका बाजूचे टाकतो. शर्यतीला नालायक ठरला. त्याच्या त्या 'वाकड्या' पायांतून पुढे अख्खी जात उभी राहिली. म्हणजे त्या काळात चाल होती, नाव नव्हतं. गेममध्ये नाव आहे, चाल नाही.

हा दोष सगळ्याच गेमचा आहे असं मात्र नाही. घरातच उत्तर होतं. धाकटी पुतणी लॅपटॉपवर 'स्टार स्टेबल' नावाचा स्वीडनचा गेम खेळते. चित्रं ठोकळेबाज, रंग गोळ्याबिस्किटांच्या पाकिटासारखे, आणि खेळणाऱ्या बहुतेक मुली. तिचा भाऊ त्याला 'बार्बीचे घोडे' म्हणतो. मी पाय मोजते आहे हे पाहून ती एका दुपारी म्हणाली, "फुफी, माझ्या घोड्याला टोल्ट येतं."

तिचा घोडा आइसलँडचा होता, आणि त्याला खरंच टोल्ट येत होतं. टोल्ट ही आइसलँडिक घोड्याची खास चाल. पायांचा क्रम चालण्याचाच, चार टापा, पण वेग हवा तितका वाढवता येतो. शिवाय काही घोड्यांना पाचवी चाल, 'फ्लाइंग पेस', एका बाजूचे दोन पाय एकदम टाकत सुसाट जाण्याची. गेममध्ये दोन्ही आहेत. त्या बेटावर सुमारे हजार वर्षं बाहेरचा घोडा येऊ देत नाहीत, आणि तिथला घोडा एकदा देशाबाहेर गेला की त्याला परत घेत नाहीत, शर्यत जिंकून आला तरी. टोल्ट किती मऊ आहे हे दाखवायला तिथले स्वार एका हातात बिअरचा काठोकाठ भरलेला मग घेऊन घोडा पळवतात आणि थेंब सांडू देत नाहीत. बिअरचं सोडून द्या. मला माझा स्टीलचा तांब्या आठवला. कुठे आइसलँड आणि कुठे तापीचं खोरं, पण चाल सिद्ध करायची रीत एकच.

मुलींचा खेळ म्हणून ज्याला नाक मुरडलं, त्यानं चाल दाखवली आणि जगानं वास्तवाचा कळस म्हणून ज्याला डोक्यावर घेतलं, त्यानं सोडून दिली. कारण उघड आहे. तिथे खेळणाऱ्या मुलींमध्ये खऱ्या घोड्यावर बसणाऱ्या बऱ्याच आहेत. टोल्ट नसलेला आइसलँडिक दिला असता तर त्यांनी पकडलं असतं. तिथे घोडा हाच खेळ आहे. दुसरीकडे घोडा हे वाहन आहे, जरी कितीही लाडाचं असलं तरी. (मराठ्यांची फौज घेऊन लढता येईल असा 'एम्पायर: टोटल वॉर' नावाचा २००९ चा गेमही आहे. पुतण्यानं दाखवला. तिथे घोडदळ इतक्या उंचावरून दिसतं की भीमथडी तट्टू काय आणि अरबी घोडा काय, मुंग्यांची रांग. तिथे चाल शोधणं म्हणजे विमानातून चेहरा ओळखणं.)

वाचता वाचता एक शास्त्राची गोष्ट सापडली. २०१२ साली स्वीडनमधल्या उप्साला इथल्या शास्त्रज्ञांच्या गटानं 'नेचर'मध्ये लिहिलं की या खास चालींच्या मागे डीएमआरटी३ नावाच्या एका जनुकातला एक बदल आहे. पाठीच्या कण्यातल्या ज्या मज्जापेशी पायांचा ताल ठरवतात, त्यांच्यावर त्याचा परिणाम होतो. आइसलँडचे पाच चालींचे घोडे, अमेरिकेतल्या या जाती, अशा कितीतरी घोड्यांत तो सापडला. म्हणजे ब्लॅक ॲलनला कुणी शिकवलं नव्हतं, त्याच्या कण्यात होतं. हे मी अब्बांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कितने पैसे लगे उनको इस काम में? मेरे से पूछ लेते." अब्बांचं नेहमीचं म्हणणं, रेवाल घोडीच्या पोटातून येते, चाबुकातून येत नाही.

चाबकातून काय येतं, तेही सांगते. हा भाग लिहायचा की नाही याचा मी बराच विचार केला.

टेनेसी वॉकरचं पुढे प्रदर्शन सुरू झालं. मैदानात पुढचे पाय जितके उंच उचलेल तितकं बक्षीस. काही लोकांनी मग युक्ती काढली. घोड्याच्या पुढच्या पायांना खुराच्या वर जळजळीत रसायनं लावायची, वर साखळ्या बांधायच्या. पाय टेकला की दुखतं, म्हणून घोडा तो झटकन उचलतो, उंच. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. हे थांबवायला अमेरिकेनं १९७० साली कायदा केला, तरी ते पुरतं थांबलं नाही.

आमच्याकडे १९९० च्या दशकात वरातींना नाचणारी घोडी हवी असायला लागली. बँडच्या तालावर पाय आपटणारी, मागच्या दोन पायांवर उभी राहणारी. लोक विचारायचे, "तुमची नाचते का?" अब्बा म्हणायचे, "चालते." घोडीला नाचायला कसं शिकवतात हे त्यांनी पाहिलेलं होतं आणि रेशमला ते करणार नव्हते. सुपाऱ्या कमी झाल्या. गल्लीतले नालबंद चाचा, जे तिच्या चालीला सोसतील अशा हलक्या नाला मुद्दाम वेगळ्या घडवून द्यायचे, ते वारले. १९९६ साली मोठ्या भावाच्या कॉलेजच्या फीसाठी अब्बांनी तिला विकलं. घेणाऱ्यानं सांगितलं होतं, शेतावर ठेवीन, मुलांना बसवीन.

दोन वर्षांनी दुसऱ्या गावात एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते. वरात आली. घोडी नाचत होती. आत वळलेल्या कानांवरून मी तिला ओळखलं. पुढच्या पायांवर घुंगरांच्या पट्ट्या होत्या आणि पट्ट्यांच्या वर केस गेलेले होते. मांडवाजवळ बँड थांबला आणि तिला बाजूला चालवत नेलं. मी मुद्दाम मागे गेले. ती दुडकीवर होती. पाय आपटत, धक्के देत. तिची चाल गेली होती.

मी अब्बांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. अब्बांना वाचता येत नाही आता, म्हणूनच इथे लिहिते आहे, आणि घरातल्या कुणी हा भाग त्यांना वाचून दाखवू नये ही विनंती. त्या रमजानच्या रात्री ते "ये तो दुलकी मार रहा है" म्हणाले तेव्हा पुतण्या हसला आणि माझ्या हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं, त्याचं कारण हे.

डिसेंबरमध्ये पुतण्या म्हणाला, सारंगखेड्याला जाऊ. दत्तजयंतीला तापीच्या काठी ती यात्रा भरते. गुजरात, राजस्थान, पंजाबातून घोडे येतात. त्याला खरी रेवाल बघायची होती. अब्बांना न्यायची इच्छा होती, पण त्यांना प्रवास झेपत नाही. आम्ही दोघंच गेलो. नाचणाऱ्या घोड्यांभोवती गर्दी होती, मोबाइल वर करून. आम्ही कडेकडेनं फिरत विचारत राहिलो. शेवटी मारवाडहून आलेल्या एका म्हाताऱ्या घोडेवाल्यानं आमची अडचण समजून घेतली. त्यानं नातवाला घोडीवर बसवलं आणि डांबरी रस्त्यावर आणलं, मऊ मातीत टाप नीट ऐकू येत नाही म्हणून. नातू म्हणजे दहा-अकरा वर्षांचा पोरगा. खोगीर नाही, नुसती गोधडी. तो आमच्या समोरून दोनदा गेला आणि दोन्ही वेळा त्याचं डोकं एका रेषेत सरकत गेलं, कुणी ओढल्यासारखं.

पुतण्यानं फोनवर दोन व्हिडिओ काढले, एक स्लो मोशनमध्ये, एक साधा. तिथेच रस्त्याच्या कडेला बसून आम्ही पाय मोजले. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. चार. एकदाही घोडी पूर्ण हवेत नव्हती. पुतण्या ते पाच-सहा वेळा मागेपुढे करून बघत राहिला. मग म्हणाला, "फुफी, हे करायला फार अवघड नव्हतं त्यांना." मी म्हटलं, त्यांनी पाहिलं नसेल. तो म्हणाला, "पाहिलं असेल. बसले नसतील." त्याला स्वतःला बसायचं होतं. घोडेवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत बघून नकार दिला.

घरी आल्यावर त्यानं दादांच्या उशाशी बसून आधी स्लो मोशनचा व्हिडिओ लावला. त्यातून नुसताच घरघर आवाज आला. अब्बा वैतागले. "ये क्या है, ठीक से लगा." मग साधा लावला. अब्बांनी मान एका बाजूला केली. घोडी एकदा गेली, परत आली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. चादरीवर त्यांची बोटं हलत होती. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाले, "चाल अच्छी है. मगर पीछे का बायाँ नाल ढीला है. उसको फोन करके बोल."

आमच्याकडे त्या घोडेवाल्याचा नंबर नव्हता. यावरून अब्बा दोन दिवस नाराज होते.